वाट विचारा : दुसऱ्या दिवशीची सकाळ

प्रश्न : माझं वय 48. राजारामपुरीत चौथ्या मजल्यावर राहते (लिफ्ट आहे), एका पतसंस्थेत दिवसभर खुर्चीवर असते. पन्नाशीच्या आत पन्हाळा ते पावनखिंड चालत जायचं असं ठरवलंय. घरात सांगितलं तर मुलगा म्हणाला, "आई, आधी रंकाळ्याला दोन फेऱ्या मार." एक फेरी मी मारते, आठवड्यातून तीनदा. जिना उतरताना उजवा गुडघा कधीकधी कुरकुरतो. येत्या जुलैत जमेल का? सुरुवात कशानं करू? (एक वाचिका, राजारामपुरी)

ताई, जमेल. मुलगा मात्र निम्मा बरोबर आहे आणि निम्मा चुकलाय. त्याची चुकलेली बाजू मी स्वतःच्या मांड्यांवर भोगलेली आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

अकरा वर्षांपूर्वी, 52 चा असताना, मी पहिल्यांदा या वाटेला लागलो. उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतायच्या तुकड्याचे लाकडी नमुने, करण्यात माझी हयात गेली. दिवसभर उभ्यानं काम, त्यामुळं पायांचा मला भारी अभिमान. मार्चपासून रोज पहाटे रंकाळा धरला. एक फेरी चारेक किलोमीटरची धरा. जूनपर्यंत मी न थांबता तीन फेऱ्या मारायला लागलो होतो. येताना गंगावेशीत म्हशीचं दूध प्यायचं आणि घरी आल्या आल्या वहीत आकडा लिहायचा. जुलैत एका मोहिमेबरोबर निघालो. राजदिंडीनं खाली उतरलो, तुरुकवाडी, म्हाळुंगे, मग मसाई पठार. पठारावर धुकं असं, की पुढच्या माणसाच्या पाठीवरची लाल सॅक दिसायची, माणूस दिसायचा नाही. पुढं कुंभारवाडी, खोतवाडी, खाचरांच्या बांधावरून, ओढ्यातून, चिखलातून. संध्याकाळी मुक्कामाला पोचलो तेव्हा दमलो होतो, पण बरोबरच्या पोरांना ऐटीत म्हणालो, "एवढंच होय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे टमरेल घेऊन वाडीच्या मागं गेलो. बसलो. आणि उठता येईना. मांड्या माझ्या नव्हत्याच, कुणीतरी सागाच्या फळ्या बसवल्यासारखं वाटत होतं. शेवटी करवंदीच्या जाळीला धरून उठलो, तळहातात काटे घेऊन. त्यानंतर चढ कसाबसा जमायचा, उतार आला की खेकड्यासारखा आडवा चालायचो. दोन तासांत सगळी मोहीम पुढं निघून गेली. एका वाडीत एका घराच्या सोप्यात टेकलो. घरातल्या आजीनं गुळाचा चहा दिला आणि विचारलं, "कुटनं आलासा?"

"पन्हाळ्यावरनं."

"चालत?"

"होय."

"आन कशाला?"

मी सांगायला सुरुवात केली. 1660 साल, सिद्दी जौहरचा वेढा, आषाढातली रात्र, शिवा काशीद, बाजीप्रभू. आजीनं सगळं ऐकून घेतलं. तिला ते माझ्याहून जास्त ठाऊक असणार, तिच्या दारावरूनच वाट जाते. मग म्हणाली, "त्येंच्या मागं सिद्दी लागला हुता बाबा. तुमच्या मागं कोण लागलंय?"

दुधाच्या गाडीतून मलकापूरला आलो, तिथून एसटीनं कोल्हापूर. गाडीतून उतरताना कंडक्टरनं हात दिला.

आता रंकाळ्याचं गणित. रंकाळा सपाट आहे. सपाटीवर चालल्यानं दम वाढतो, हृदय तयार होतं, ते हवंच, तेवढ्यापुरता तुमचा मुलगा बरोबर. पण या वाटेवर माणूस दमानं हरत नाही, उतारानं हरतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू एकीकडे ताणला जात असतो आणि त्याच वेळी तुमचं सगळं वजन आवरून धरत असतो. या कामाची त्याला सवय नसेल तर आत बारीक इजा होतात आणि गंमत अशी, की दुखणं त्या दिवशी कळत नाही. ते 24 ते 48 तासांनी उगवतं. म्हणजे बरोबर दुसऱ्या दिवशी, जेव्हा तुमच्यापुढं अजून वीस-पंचवीस किलोमीटर असतात. पन्हाळा ते पावनखिंड ही सगळी चाल पन्नास किलोमीटरच्या आसपासची, पण खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी टमरेल घेऊन जाताना होते. म्हणून तुमचं ध्येय वहीत "50 किलोमीटर" असं लिहू नका. "सलग दोन दिवस, आणि दुसऱ्या सकाळी उठता आलं पाहिजे" असं लिहा. तयारी आपोआप वेगळी होईल.

सुरुवात लिफ्ट सोडण्यापासून. चौथा मजला म्हणजे जमिनीपासून साधारण 12 मीटर. पन्हाळा आजूबाजूच्या सपाटीपेक्षा साधारण 400 मीटर उंच आहे. म्हणजे तुमचा जिना 33 वेळा चढला की पन्हाळा झाला. एका दिवसात नव्हे हो! पहिल्या आठवड्यात दिवसाला तीन वेळा चढा आणि उतरताना घाई करू नका, मुद्दाम सावकाश उतरा, कठड्याला हात लावून, टाच आपटू न देता. चढण्यापेक्षा ते उतरणंच तुमच्या कामाचं आहे. गुडघ्याचं म्हणाल तर नुसताच कुरकुरत असेल, सूज नसेल, मध्येच अडकत नसेल, अचानक दगा देत नसेल, तर बहुतेक वेळा मांडीची ताकद वाढली की तो गप्प बसतो. हात न टेकता खुर्चीवरून उठा-बसा, दहा-दहाच्या तीन खेपा, एक दिवसाआड. यातलं काहीही असेल, सूज किंवा अडकणं, तर मात्र आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, पत्रातून गुडघा तपासता येत नाही. आणि एक रक्त तपासणी करून घ्या, हिमोग्लोबिनसाठी. आपल्याकडच्या कितीतरी बायका कमी रक्तावर सगळा संसार ओढत असतात आणि दम लागला की वयाला दोष देतात. आमच्या घरातही तेच निघालं होतं.

दिवाळीनंतर डिसेंबर अखेरपर्यंत आठवड्यातले तीन दिवस पाऊण तास चाला, पण चढ-उतारावर. विद्यापीठाचा परिसर तुमच्या जवळ आहे, पहाटे सोबतही मिळते. रविवारी दोन तास, मग दर रविवारी पंधरा-वीस मिनिटं वाढवायची, चौथ्या रविवारी मात्र मुद्दाम कमी करायची. किलोमीटर मोजायचे नाहीत, पायावर किती तास काढले ते मोजायचं. कारण डांबरावर तासाला 5 किलोमीटर चालणारा माणूस त्या चिखलात तासाला अडीच-तीन चालतो आणि मोबाइलमधला आकडा बघून खट्टू होतो.

जानेवारीत जोतिबा. आपल्याकडं हे बरं आहे, इथं सरावाची वाट देवानंच आखून ठेवलीय. पंचगंगा ओलांडून वडणगे, कुशिरे करत वर, 17-18 किलोमीटर. पहिल्यांदा जाताना चालत, येताना एसटी. दर्शन झाल्यावर तिथंच भरपेट जेवून लगेच गाडीत बसू नका, दहा मिनिटं पाय मोकळे करा. दुसऱ्यांदा जाल तेव्हा डोंगर चालत उतरा आणि कुशिऱ्यात गाडी पकडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुख्य काम : शनिवारी जोतिबा, रविवारी पन्हाळा. शनिवारचं चालणं मोठं, रविवारचं लहान चालेल, पण रविवारी सकाळी दुखऱ्या पायांनी घराबाहेर पडायचंच. अशा चार-पाच जोड्या झाल्या की दुसरी सकाळ तुमच्या ओळखीची होईल. पहिल्या जोडीनंतर सोमवारी पतसंस्थेत खुर्चीवरून उठताना तोंडातून आवाज निघेल. निघू द्या.

एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला पन्हाळ्यावर असाल असं बघा आणि मसाईच्या देवळापर्यंत जाऊन परत या. पाण्याच्या दोन बाटल्या प्रत्येकी, कारण उन्हाळ्यात त्या जांभ्याच्या पठारावर सावली नावाला नाही. दुपारनंतर वळवाचे ढग जमायला लागले की पठार सोडायचं, उघड्यावर विजेपुढं आपणच सगळ्यात उंच असतो. एकट्या झाडाखालीही थांबायचं नाही. आणि जूनचा पहिला पाऊस लागला की ओल्या बुटांनी, ओल्या मोज्यांनी तीन-चार तास चालून बघा. कोरड्या पायाला न होणारे फोड ओल्या पायाला होतात, ते घराजवळ कळलेले बरे. बूट अर्धा नंबर मोठा, नखं बारीक कापलेली, सुती मोजे घरी. नाहीतर उतारावर अंगठा पुढं आपटून नख काळं पडतं आणि गणपतीपर्यंत तसंच राहतं. शेवटच्या दोन आठवड्यांत चालणं निम्मं करा. माझ्यासारखे लोक याच वेळी घाबरून जास्त चालतात.

एक गोष्ट मला सुचली नसती, ती मुलीनं सांगितली. मोहिमेत बायका पाणी कमी पितात. कारण दिवसभर शेकडो माणसांच्या रांगेत आडोसा कुठं शोधायचा. मग दुपारी पोटरीत गोळे येतात, डोकं धरतं आणि नाव होतं स्टॅमिन्याचं. तेव्हा पाणी प्याच, एका बाटलीत ओआरएस असू द्या, आणि बरोबर एखादी मैत्रीण घ्या. एकीनं छत्री धरायची, एकीनं बसायचं. मुलगी म्हणते, ट्रेकला छत्रीचा एवढा उपयोग बाबांना कळायचा नाही.

आता तुमच्या तारखेबद्दल. पॅटर्नच्या कामात एक पट्टी असते, श्रिंकेजची. तिच्यावरचे सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा थोडे मोठे असतात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतल्यावर थंड होताना आकसतं, मीटरला 10 मिलिमीटरच्या आसपास, म्हणून पॅटर्न त्या मानानं मोठा करावा लागतो. नव्या पोरांना हे पटायचं नाही. ड्रॉइंगवर 500 लिहिलंय ना, मग 505 कशाला? मग ओतून आलेला तुकडा मापात कमी भरायचा आणि भट्टीत परत जायचा. तुम्ही ड्रॉइंगच्या मापाचाच पॅटर्न केलाय. वय 48, म्हणजे पन्नाशीच्या आत तुमच्या हातात दोन जुलै आहेत, आणि तुम्ही एकच धरून बसलाय. मधे घरात लग्न निघेल, ऑडिट येईल, पाय मुरगळेल, काहीतरी आकसणारच. येत्या जुलैचा बेत करा, पुढचा जुलै जादाचा ठेवा. आणि निघायच्या आधीच नकाशा बघून ठरवा, की वाटेत कुठल्या दोन वाड्यांना डांबरी रस्ता येऊन मिळतो आणि दुपारी किती वाजेपर्यंत तिथं पोचलो नाही तर गाडीत बसायचं. हे घरी चहा पिताना ठरवायचं, चिखलात उभं राहून नव्हे. तिथं माणूस स्वतःशी खोटं बोलतो.

मी दोन वर्षांनी परत गेलो. जोतिबाच्या आठ खेपा आणि असंख्य जिने करून. पांढरपाणीच्या पुढं शेवटच्या जंगलात पाय दुखत होते, पण माझे होते. खिंडीत उतरलो तेव्हा ओढा एवढा गर्जत होता, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. लोक मुजरा करत होते, एकाच्या डोळ्यात पाणी. मला मात्र फक्त कोरडे मोजे हवे होते. ते सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत होते, कोरडे. त्या पिशवीसाठी मी आजही बायकोचे आभार मानतो. आजीचं घर जाताना शोधलं, दाराला कडी होती. शेजारणीनं सांगितलं, लावणीला गेलीय.

प्रश्न : मी इचलकरंजीचा, वय 23. आपल्या जिल्ह्यातले सगळे 13 किल्ले एका महिन्यात करायचे असं चॅलेंज घेतलंय. बाइक आहे, दोन मित्र आहेत, रोज व्हिडिओ टाकणार. रूट कसा लावू?

रूट सांगतो, पण आधी आजीचा प्रश्न तुलाही लागू आहे. तुझ्या मागं कोण लागलंय? महिन्याची मुदत कुणी दिली?

नकाशा उघड. पन्हाळा, पावनगड, विशाळगड या एका दिशेला. गगनगड पश्चिमेला गगनबावड्यात. मुडागड आणि शिवगड त्या सह्याद्रीच्या रानात. भुदरगड, रांगणा दक्षिणेला. मग सामानगड गडहिंग्लजकडं आणि पारगड, कलानंदीगड, गंधर्वगड, महिपाळगड थेट चंदगडात. यातल्या निम्म्या ठिकाणी गाडी जवळजवळ दारात जाते. पन्हाळ्यावर, भुदरगडावर, सामानगडावर तुझी बाइक चढेल, तू नाही. चार शनिवार-रविवार पेट्रोल जाळलंस तर यादी सहज संपेल आणि पायाला काहीच कळणार नाही. यादी संपवणं वाईट नाही, मीही पूर्वी संपवायचो. पण त्याला गिर्यारोहण म्हणू नकोस.

मला विचारशील तर मुदत एक वर्षाची घे आणि एक नियम घाल : प्रत्येक किल्ल्याला पायथ्याच्या गावातून चालतच वर जायचं, गाडी कितीही वर जात असली तरी. पायथ्याच्या गावात माणसं भेटतात, पाणी कुठं आहे ते कळतं, तटाची कुठली बाजू ढासळलीय ते कळतं. रांगण्याला पाटगावकडून जा, आदल्या दिवशी मौनी महाराजांच्या मठात डोकं टेकव. पावसाळा नुकता सरला असताना जा, तिथलं जंगल बघून तुझा व्हिडिओ आपोआप चांगला होईल. शिवगड राधानगरी अभयारण्यात येतो, तिथं वनखात्याची परवानगी काढल्याशिवाय जायचं नाही. गवा दिसला तर थांब, आवाज करू नको, आणि गाय-वासरू असेल तर त्यांच्या मधे तर जाऊच नकोस. फोनसमोर तो उभा राहत नाही, अंगावर येतो. पन्हाळा शेवटी ठेव. 2025 च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे 12 किल्ले आले, त्यात पन्हाळाही आहे. आपल्या घराजवळचा म्हणून आपण तो नीट बघितलेला नसतो. अंधारबाव, अंबरखाना, सज्जाकोठी, पुसाटी बुरुज, सगळं एका दिवसात चालत बघ आणि तळाच्या गावात उतर. मग सांग, 13 वा किल्ला कसा होता.

प्रश्न : कोल्हापुरी पायताण घालून पावसाळी ट्रेक करता येतो का? आमच्या आजोबांनी आयुष्यभर त्यावरच डोंगर तुडवले. (एक वाचक, शिवाजी पेठ)

तुमच्या आजोबांचे पाय आणि तुमचे पाय यात फरक आहे, हे आधी मान्य करा. पायताण कातड्याचं, शिवणही कातड्याच्या वादीची. भिजलं की फुगतं, सैल होतं, आणि ओल्या जांभ्यावर त्याचा तळ साबणासारखा निसटतो. आजोबा पावसात ते काखेत मारून अनवाणी चालत असणार, विचारून बघा. माझे वडील तसंच करायचे. हिवाळ्यात कोरड्या वाटेवर जोतिबाला खुशाल घालून जा, पण नवं कोरं नको, कर्रकर्र ऐकायला बरं वाटतं आणि तिसऱ्या किलोमीटरला अंगठ्याचं कातडं जातं.

प्रश्न : जळवांची फार किळस वाटते, तेवढ्यापायी पावसातला ट्रेक टाळते. उपाय? (उचगाव)

किळस जाणार नाही, सवय होते. पँट मोज्यात खोवायची, मोज्यांवर तंबाखूचं पाणी नाहीतर मीठ चोळायचं, आणि जंगलात ओल्या पाचोळ्यावर थांबायचं नाही, दगडावर थांबायचं. लागलीच तर ओढू नका. नख आडवं घालून तोंडाकडची बाजू सोडवा. नंतर रक्त बराच वेळ येत राहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. स्वच्छ फडक्यानं दाबून धरा, थांबतं. घरी जाऊन सॉक्स झटकताना बाथरूममध्ये एक सापडेलच, तेव्हा ओरडू नका, घरच्यांना पुढच्या खेपेला सोडायचं जीवावर येतं.

प्रश्न : वय 71. आम्ही चार मित्र दर पावसाळ्यात पन्हाळ्याला पायथ्यापासून चालत जायचो, 30 वर्षं. दोघं गेले. तिसऱ्याला आता चढवत नाही. मला मागच्या वर्षी स्टेंट बसवलाय. एकदा तरी तीन दरवाजातून परत चालत आत जायची इच्छा आहे. मुलं ऐकत नाहीत. (शाहूपुरी)

काका, मुलांच्या बाजूनं आधी बोलतो. हृदयाच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "मला चढ चालायचाय, किती चालू?" नुसतं "फिरू का" असं विचारू नका, त्याला सगळे होच म्हणतात. गरज वाटली तर ते ट्रेडमिलवर तपासणी करतील आणि तो कागद मुलांना दाखवता येईल. स्टेंटनंतर चालणं बंद नसतं, उलट सांगितलेलंच असतं, पण चढ ही वेगळी गोष्ट आहे आणि त्याला पायऱ्या हव्यात, जिन्याच्याही आणि बेताच्याही.

नाडी मोजत बसू नका. तुमच्या गोळ्यांपैकी एखादी नाडी मुद्दाम सावकाश ठेवणारी असू शकते, मग घड्याळातला आकडा फसवा. बोलण्यावर चाला. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर ठीक. वाक्य तुटायला लागलं की थांबा. छातीत जड वाटलं, जबडा किंवा डावा हात दुखला, उगाच घाम फुटला, तर तिथंच बसा, डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायला दिलेली गोळी खिशात असली पाहिजे, घरी कपाटात नव्हे. सकाळी थंडीत निघताना पहिली दहा मिनिटं सपाटीवर. जेवून लगेच चढायचं नाही.

आणि पायथा थोडा वर सरकवा. पूर्वीचा पायथा तुमचा चौघांचा होता, आताचा तुमचा एकट्याचा आहे. पहिल्या खेपेला गाडीनं गडावर जा आणि तीन दरवाजातून बाहेर उतरून, थोडं खाली जाऊन, परत चालत आत या. दरवाजातून चालत आत येणं हेच तुम्ही मागितलंय ना? ते तेवढ्यातही होतं. महिनाभरानं आणखी थोडं खालून. डिसेंबरपर्यंत कुठवर खाली जाल ते डॉक्टर आणि तुमचं बोलणं ठरवेल.

तिसऱ्या मित्राला घरी ठेवू नका. त्यांना चढवत नाही म्हणता, पण गाडीत बसवतं. त्यांना तीन दरवाजाच्या आतल्या अंगाला सावलीत बसवा, हातात गरम कणीस द्या, आणि तुमचं घड्याळ काढून त्यांच्याकडं द्या. किती वेळ लागला ते त्यांनी सांगायचं.